शर्मन रणगाड्यावर एकच पुस्तक घ्यायचं असेल तर?

रणगाड्यांवर एखादा भाग झाला की एक प्रश्न हमखास येतो. "यावर एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." प्रश्न साधा वाटतो, पण ऑनलाइन शोधायला गेलात की गोंधळ उडतो. एकाच रणगाड्यावर पन्नास पुस्तकं. सगळ्यांच्या मुखपृष्ठावर धूर, आग आणि तोफ. रेटिंगही सगळ्यांना साडेचार स्टार. मग घ्यायचं कुठलं?

म्हणून आज एकच रणगाडा घेऊ, अमेरिकेचा एम४ शर्मन. आणि बघू की कुठलं पुस्तक हातात घेतलं तर आपलं मत काय बनतं. शर्मनच का? कारण या गाडीबद्दल दोन अगदी उलट गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणते की शर्मन म्हणजे पेटती शवपेटी, अमेरिकेने आपल्या पोरांना जाणूनबुजून मरायला पाठवलं. दुसरी म्हणते की महायुद्ध जिंकून देणाऱ्या यंत्रांत याचा नंबर फार वरचा. दोन्ही बाजूंना पुस्तकं आहेत. आणि हा काही फॅन लोकांचा वाद नाही. हजारो तरुण या गाडीत बसून लढले, त्यातले कित्येक आतच जळाले. त्यांचा जीव चुकीच्या निर्णयामुळे गेला की युद्धात जातो तसा गेला, हा खरा प्रश्न आहे.

आधी गाडीची ओळख

शर्मनचं उत्पादन सुरू झालं फेब्रुवारी १९४२ मध्ये आणि थांबलं जुलै १९४५ मध्ये. साडेतीन वर्षांत सुमारे ४९,००० गाड्या. रेल्वे इंजिनं बनवणारे कारखाने, मोटारी बनवणारे कारखाने, सगळे कामाला लागले होते. तुलनेसाठी सांगतो, जर्मनीचा टायगर-१ सगळा मिळून सुमारे १,३५० बनला. शर्मनचं वजन साधारण ३० टन, टायगरचं ५७.

आणि 'शर्मन' ही एक गाडी नव्हतीच. एम४ आणि एम४ए१ मध्ये विमानाचं रेडियल इंजिन होतं. एम४ए२ मध्ये दोन डिझेल इंजिनं जोडलेली. एम४ए३ मध्ये फोर्डचं व्ही-८. आणि एम४ए४ मध्ये तर क्रायसलरने मोटारीची पाच इंजिनं एकत्र बांधून तीस सिलिंडरचं एक धूड बसवलं होतं! तोफाही वेगवेगळ्या. आधी ७५ मि.मी., मग ७६ मि.मी., आणि ब्रिटिशांनी आपली १७ पाउंडर तोफ बसवून केलेला 'फायरफ्लाय'. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ब्रॅड पिटचा 'फ्युरी' पाहिला असेल. २०१४ चा सिनेमा. त्यात चार शर्मन आणि एक टायगर समोरासमोर येतात. तीन शर्मन उडतात आणि हिरोची गाडी मागून जाऊन टायगरला संपवते. त्या शूटिंगसाठी इंग्लंडच्या बोव्हिंग्टन म्युझियममधला खराखुरा टायगर आणला होता. सीन जबरदस्तच आहे. पण त्यामागे एक जुना समज आहे, की एक टायगर मारायला पाच शर्मन खर्ची पडायचे. हा आकडा कुठून आला असेल? अमेरिकन प्लाटूनमध्ये पाच शर्मन असायचे. म्हणजे समोर टायगर असला तरी पाच निघायचे आणि समोर नुसती मशीनगन असली तरी पाचच निघायचे. 'पाच पाठवले' याचं सांगता सांगता 'पाच गेले' होणं किती सोपं आहे बघा.

पहिलं पुस्तक : वर्कशॉपमधून दिसलेलं युद्ध

शर्मनवर सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक बहुधा बेल्टन कूपर यांचं 'डेथ ट्रॅप्स'. म्हणजे मृत्यूचे सापळे. १९९८ साली आलं. कूपर अमेरिकेच्या तिसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनमध्ये ऑर्डनन्स अधिकारी होते. काम काय, तर दिवसभरात कुठले रणगाडे निकामी झाले त्याची नोंद करायची, रात्री जीपमधून तो अहवाल मागे पोचवायचा, आणि मोडलेल्या गाड्या ओढून आणून दुरुस्त करून घ्यायच्या. आतून धुऊन, रंग मारून, नवीन पोरं बसवून गाडी परत लढाईत.

पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. रणगाड्यांमागचं हे काम इतक्या जवळून सांगणारी पुस्तकं फार नाहीत.

आता त्यातला प्रसिद्ध आकडा. कूपर लिहितात, डिव्हिजन नॉर्मंडीत उतरली तेव्हा २३२ शर्मन होते. युद्ध संपेपर्यंत ६४८ पूर्ण नष्ट झाले आणि आणखी ७०० निकामी होऊन दुरुस्त झाले. म्हणून नुकसान ५८० टक्के! हा आकडा तुम्हाला व्हिडिओंत, पोस्टमध्ये, सगळीकडे दिसेल.

थोडं थांबून गणित करू. ६४८ अधिक ७०० म्हणजे १,३४८. भागिले २३२, म्हणजे साधारण ५.८. हिशेब बरोबर आहे. पण त्यातल्या ७०० गाड्या परत लढायला गेल्या. एकच गाडी दोनदा निकामी झाली तर ती दोनदा मोजली जाणार. शिवाय हे नुकसान जवळपास अकरा महिन्यांचं, आणि त्या काळात नवीन गाड्या येतच होत्या, तरी भागायला आकडा घेतलाय पहिल्या दिवसाचा. आणि तिसरी डिव्हिजन ही आकाराने मोठ्या, सतत पुढे असलेल्या डिव्हिजनांपैकी एक. सगळ्या अमेरिकन सैन्याची सरासरी म्हणून ती वापरता येत नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे कूपर कुठे उभे होते. वर्कशॉपमध्ये येणारी प्रत्येक गाडी मार खाल्लेलीच असणार. ज्या शर्मनने दिवसभरात दोन जर्मन तोफा उडवल्या आणि संध्याकाळी धडधाकट उभा राहिला, तो कूपरकडे येणारच नाही. हॉस्पिटलच्या अपघात विभागात वर्षभर काम करणाऱ्याला वाटेल की शहरातली प्रत्येक दुचाकी रोज धडकते. तो खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर तेवढंच येतं.

आणि जिथे कूपर स्वतः हजर नव्हते, तिथे पुस्तक जास्त घसरतं. ते म्हणतात, जड असा पर्शिंग रणगाडा लवकर आला नाही याला जनरल पॅटन जबाबदार. पण हा निर्णय पॅटनच्या हातात नव्हता. सैन्याची बांधणी ठरवणारे लेस्ली मॅकनेअर यांचं म्हणणं असं होतं की शत्रूच्या रणगाड्यांशी लढायला वेगळे 'टँक डिस्ट्रॉयर' आहेतच, मग जड रणगाडा कशाला? वर सगळं सामान अटलांटिक ओलांडून जहाजाने न्यायचं, आणि पर्शिंग ४० टनांच्या वर. पहिले २० पर्शिंग युरोपात पोचले ते जानेवारी १९४५ मध्ये. त्यातले काही कूपरच्याच डिव्हिजनला मिळाले. मॅकनेअर चुकले का, यावर जरूर भांडावं. पण भांडण योग्य माणसाशी हवं.

दुसरं पुस्तक : इंजिनिअरचं

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. रिचर्ड हनिकट. पेशाने धातूंचे जाणकार इंजिनिअर. अमेरिकन रणगाड्यांवर त्यांनी एकामागून एक जाडजूड ग्रंथ लिहिले. पर्शिंग, पॅटन, अब्राम्स, स्टुअर्ट. त्यातला 'शर्मन' आला १९७८ मध्ये. पावणेसहाशे पानांच्या आसपासचं पुस्तक. कुठल्या महिन्यात कुठला बदल झाला, कुठल्या प्रयोगातून कुठलं मॉडेल निघालं, चिलखत किती जाड, किती तिरकं, सगळं आहे. सोबत प्रमाणात काढलेली रेखाचित्रं. नंतर याची पुनर्मुद्रणंही निघाली.

स्केल मॉडेल बनवणाऱ्यांसाठी हे पुस्तक म्हणजे खजिना. पण त्यात गाडी कशी बनली ते कळतं. लढाईत ती कशी ठरली, आतल्या पोराला काय वाटलं, सेनापतीने तिचा वापर शहाणपणाने केला का, हे फार कमी. पहिलंच पुस्तक म्हणून उघडलंत तर चाळीसाव्या पानावर झोप लागू शकते, आधीच सांगून ठेवतो.

तिसरं पुस्तक : दोन्ही बाजू तपासणारं

मधली जागा भरून काढतं स्टीव्हन झालोगा यांचं 'आर्मर्ड थंडरबोल्ट', २००८ चं. झालोगांनी शर्मनवर ऑस्प्रे प्रकाशनाच्या ४८ पानी छोट्या पुस्तिकाही लिहिल्या आहेत. पण हे मोठं पुस्तक वेगळं आहे. ते थेट वादाला भिडतं. गाडी कशी ठरली, कुणी काय निर्णय घेतला, मैदानातून काय अहवाल आले, आणि नुकसान खरंच किती झालं.

एक उदाहरण देतो. शर्मन पेटायचा हे खरंच आहे. लोक म्हणतात, पेट्रोलवर चालायचा म्हणून पेटायचा. पण त्या वेळचे जर्मन रणगाडेही बहुतेक सगळे पेट्रोलवरच चालायचे! खरं कारण होतं तोफगोळे. सुरुवातीच्या शर्मनमध्ये ते पट्ट्यांच्या वरच्या बाजूला, गाडीच्या कडेला रचलेले असायचे. बाजूने गोळा आत घुसला की थेट त्यांच्यावर. १९४४ पासून नवीन गाड्यांमध्ये गोळे तळाशी हलवले आणि त्यांच्या रॅकभोवती पाण्याचं मिश्रण भरलेले कप्पे केले. युद्धानंतरच्या अमेरिकन लष्करी अभ्यासात आढळलं की जुन्या रचनेत आत गोळा घुसलेल्या गाड्यांपैकी ६० ते ८० टक्के पेटत होत्या. नव्या रचनेत प्रमाण आलं १० ते १५ टक्क्यांवर.

म्हणजे 'शर्मन पेटायचा का?' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. आधी विचारायचं, कुठला शर्मन? कधीचा? जे पुस्तक हा फरक करत नाही, ते त्या आतल्या पाच जणांबद्दल आपल्याला धड काहीच सांगत नाही.

तसंच टायगरचं. नॉर्मंडीत टायगर बहुतांशी ब्रिटिश आणि कॅनेडियन फौजांसमोर होते. अमेरिकनांची टायगर-१ शी गाठ फार क्वचित पडली. पण घाबरलेल्या पोराला समोरचा प्रत्येक चौकोनी जर्मन रणगाडा टायगरच वाटायचा.

आणि १९५४ चा एक अभ्यास आहे, अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेचा. तिसऱ्या आणि चौथ्या आर्मर्ड डिव्हिजनच्या रणगाडा-लढतींवरचा. हो, तिसरी म्हणजे कूपरचीच. त्याचा निष्कर्ष असा की कुणाचं चिलखत जाड यापेक्षा पहिला गोळा कुणी मारला यावर लढतीचा निकाल जास्त ठरायचा. जो दबा धरून बसलेला, तो बहुतेकदा पहिला मारायचा. १९४४-४५ मध्ये अमेरिकन पुढे सरकत होते आणि जर्मन दबा धरून होते. मग शर्मनचं नुकसान जास्त दिसलं, त्यात गाडीचा दोष किती आणि पुढे सरकण्याची किंमत किती?

झालोगांचं पुस्तक परिपूर्ण आहे असं नाही. ते मुख्यतः अमेरिकन सैन्यातल्या शर्मनबद्दल आहे. रशियन शर्मन हवा असेल तर दिमित्री लोझा यांच्या आठवणी वाचा. इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये आला. हा सोव्हिएत अधिकारी डिझेलवाल्या एम४ए२ मध्ये लढला. त्याचे साथीदार गाडीला लाडाने 'एमचा' म्हणायचे. बर्फावर घसरते अशा तक्रारी त्याच्याही आहेत, पण गाडीवर त्याचा जीव आहे. आता कूपर आणि लोझा शेजारी ठेवा. दोघेही साक्षीदार, दोघेही प्रामाणिक, आणि मत अगदी उलट. फक्त आठवणींवर विसंबलं तर जो पहिला वाचला, तो जिंकला.

विकत घेण्याआधी पाच गोष्टी

कुठल्याही रणगाड्यावरचं पुस्तक असो, ऑनलाइन नमुना पानं मिळतात. त्यात एवढं बघा.

एक, लेखक कुठे बसून लिहितोय? गाडीत, वर्कशॉपमध्ये, कारखान्यात की कागदपत्रांच्या दालनात? कुठलीही जागा वाईट नाही. पण तो आपल्या जागेवरून न दिसणाऱ्या गोष्टींवर ठाम बोलायला लागला की सावध व्हा.

दोन, आकडा मोजला कसा? 'नष्ट', 'निकामी' आणि 'सोडून दिलेला' हे तीन वेगळे शब्द आहेत. आणि शत्रूचं नुकसान शत्रूच्या कागदांवरून घेतलंय की आपल्याच दाव्यांवरून?

तीन, मॉडेल नीट वेगळी केली आहेत का? एम४ए१ आणि एम४ए३ एकाच तक्त्यात 'शर्मन' म्हणून कोंबलेले दिसले तर पुस्तक खाली ठेवा.

चार, फोटोखालच्या ओळी वाचा. ही सगळ्यात झटपट परीक्षा. एम४ए१ चं वरचं अंग ओतीव असतं, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. एम४ए३ जोडकामाचा, कडा धारदार. एम४ए४ लांब असतो, त्याच्या चाकांच्या जोड्यांमध्ये जास्त मोकळी जागा दिसते. गोल कडांच्या गाडीखाली 'एम४ए३' छापलंय? मग आतली माहितीही तशीच जोडलेली असण्याची शक्यता बरीच.

पाच, मागची पानं उघडा. टिपा आहेत का, सूची आहे का? संदर्भग्रंथ म्हणून घेताय आणि सूचीच नाही, म्हणजे ऐनवेळी 'एम४ए२' शोधायला सगळं पुस्तक चाळत बसा.

हे आपल्या जवळचंही आहे

तुम्ही म्हणाल, अमेरिकेची गाडी, युरोपातली लढाई, आपल्याला काय त्याचं? पण शर्मन भारतीय सैन्यातही होता. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रह्मदेशात मेइकटिला इथे २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडचे शर्मन लढले. त्यात प्रोबिन्स हॉर्स आणि डेक्कन हॉर्स होत्या. तिथे समोर टायगर नव्हते. जपानी सैनिक खड्ड्यात विमानाचा बॉम्ब घेऊन बसायचे आणि रणगाडा वर आला की तो उडवायचा प्रयत्न करायचे. युरोपात तोकडी ठरवली गेलेली ७५ मि.मी. तोफ इथे जपानी बंकर फोडायला उत्तम होती. गाडी तीच, आघाडी बदलली की निकाल बदलतो.

वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, पंजाबात असल उत्तरला तीच डेक्कन हॉर्स पुन्हा शर्मन घेऊन उभी होती. काही गाड्यांवर नवीन तोफा बसवलेल्या, पण गाडी जुनीच. सोबत सेंच्युरियनवाली थर्ड कॅव्हलरी आणि एएमएक्सवाली एट लाइट कॅव्हलरी. समोर पाकिस्तानचे पॅटन, ९० मि.मी. तोफेचे, कितीतरी नवीन. कागदावर शर्मनची गाठच नव्हती. पण शेतात पाणी सोडलेलं, ऊस उंच वाढलेला आणि आपले रणगाडे नालाच्या आकारात दबा धरून. पहिला गोळा कुणी मारला? १९५४ चा तो निष्कर्ष इथे पुन्हा भेटतो.

भारतीय मोजणीनुसार त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले. आता वरचा दुसरा प्रश्न इथेही विचारा. किती उडवलेले, किती चिखलात रुतून सोडून दिलेले, किती धडधाकट हाती आलेले? असं विचारण्याने शौर्य कमी होत नाही. उलट, नक्की काय घडलं ते कळतं. युद्धातला हाती लागलेला एक पॅटन अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये उभा आहे. पुण्याहून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. जाताना फोनमध्ये पुस्तकाची चार पानं ठेवा आणि समोरच्या गाडीशी ताडून बघा. फोटोखालची ओळ तपासायची सवय तिथे पटकन लागते.

मग घ्यायचं कुठलं?

एकच घ्यायचं असेल तर 'आर्मर्ड थंडरबोल्ट'. वाद काय आहे आणि तो कशावरून सोडवायचा, हे दोन्ही त्यात कळतं. खिसा हलका असेल तर ऑस्प्रेची ४८ पानी पुस्तिका पुरे, आणि अमेरिकन लष्कराच्या त्या काळच्या तांत्रिक पुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळतात. मॉडेल बनवत असाल तर हनिकट, आणि तोही आधी कुणाच्या तरी लायब्ररीत चाळून मगच.

आणि कूपर? जरूर वाचा. फक्त पहिलं वाचू नका. ज्या पोरांच्या गाड्या तो रात्री धुऊन घेत होता, त्यांच्याबद्दल त्याच्याइतकं जवळून फार थोड्यांनी लिहिलंय. त्याचा रागही खरा आहे. तो राग कुणावर काढायचा, एवढं ठरवायला बाकीची पुस्तकं लागतात.

तुमच्याकडे रणगाड्यांवरचं एखादं पुस्तक असेल, अगदी रद्दीत मिळालेलं असलं तरी, त्याला हे पाच प्रश्न विचारून बघा आणि काय निघालं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत, ऐकत राहा आणि वाचत राहा!